फेसाळ प्रश्न: बिअर गाव सोडून जाते तेव्हा

मागच्या अंकात पिल्झनच्या बिअरबद्दल दोन परिच्छेद काय लिहिले, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून एवढे प्रश्न आलेत की आख्खा कॉलम त्यावरच करतेय. एका काकांनी "मासिकाला हे शोभतं का" असंही विचारलंय, त्यांना वेगळं उत्तर पाठवलंय. बाकीच्यांचे प्रश्न जागेसाठी थोडे कापलेत, राग मानू नका.

ताई, बिअर शॉपीतून देशी-परदेशी मिळून बरेच ब्रँड आणून बघितले. मित्रांनी डोळे बांधून पाजले तर एक पण ओळखता आला नाही. मग एवढे ब्रँड कशाला? – अमोल, नाशिक

अमोल, तुझ्या जिभेत काही बिघाड नाहीये. शॉपीच्या फ्रीजमधलं जवळपास सगळं एकाच घराण्यातलं आहे, फिकट पिवळी लागर, आणि त्या घराण्याचा मूळपुरुष १८४२ सालचा. बोहेमियातलं पिल्झन, म्हणजे आजचं चेकमधलं प्लझेन, तिथली बिअर इतकी बेकार झाली होती की १८३८ मध्ये लोकांनी ३६ पिंपं टाऊन हॉलसमोर ओतून दिली. मग ज्या नागरिकांकडे बिअर बनवायचा हक्क होता त्यांनी एकत्र येऊन नवी ब्रुअरी बांधली आणि ब्रुअर आणला कुठून, तर शेजारच्या बव्हेरियातून, योसेफ ग्रोल नावाचा. त्याने बव्हेरियन पद्धत आणली, म्हणजे थंडीत, तळाशी बसणाऱ्या यीस्टने सावकाश आंबवायचं, हीच लागर. माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, ते मात्र भाजलं इंग्लंडच्या तंत्राने, धूर न लागू देता गरम हवेवर, त्यामुळे ते फिकट राहिलं. हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, ती जवळच्या झाटेत्सची, पाणी गावचंच, अगदी हलकं. ऑक्टोबर १८४२ मध्ये पहिला घाणा निघाला आणि सोनेरी बिअर बघून लोक चाट पडले, कारण तिथे तोवर बिअर म्हणजे तपकिरी आणि गढूळच असायची.

आता यातलं "स्थानिक" काय ते तूच बघ. ब्रुअर परका, तंत्र इंग्रजांचं, आणि ते इंग्रजी तंत्र युरोपात पोचलं ते पण सरळ मार्गाने नाही हं. व्हिएन्नाचा आंटोन ड्रेहर आणि म्युनिकचा गाब्रिएल झेडलमायर हे दोघं तरुण १८३३ मध्ये ब्रिटनमधल्या ब्रुअऱ्या "बघायला" गेले होते, हातात काठ्या होत्या त्या आतून पोकळ, काठी पिंपात बुडवायची, सँपल भरायचं आणि रात्री खोलीवर जाऊन मोजमाप करायचं. चोरीच ती. पण दोघांनी नंतर जी लागर घडवली ती बघता मला तरी त्यांना शिव्या घालवत नाहीत.

पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडंचं थंड करायचं मशीन आलं आणि लागर थंड ठेवायला लागणाऱ्या गुहा, बर्फ, हिवाळा सगळ्याची गरज संपली. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये एमिल ख्रिश्चन हान्सनने लागरचं यीस्ट शुद्ध वेगळं काढलं, आणि कार्ल्सबर्गने ते दुसऱ्या ब्रुअऱ्यांना वाटून टाकलं. झालं, यीस्ट सारखं, थंडी सारखी, बिअर पण सारखी. त्यात स्वस्तात हलकी व्हावी म्हणून तांदूळ नाहीतर मका घालायला लागले, आपल्याकडे तांदूळ तर घालतातच. किंगफिशरवाल्या युनायटेड ब्रुअरीजची मोट १९१५ मध्ये थॉमस लीशमन या स्कॉटिश माणसाने बांधली, २०२१ पासून तिचा ताबा हायनेकनकडे आहे, म्हणजे डच. आणि खुद्द पिल्झनची ब्रुअरी २०१७ पासून जपानच्या असाहीची. तरी एक कर, पिल्झनची ओरिजिनल मिळाली तर आण, पण आपल्या सवयीने बर्फागत चिल्ड करू नको, फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं ठेव आणि मग पी. हॉप्सचा कडवटपणा आणि माल्टची ब्रेडसारखी चव दोन्ही वर येतात. मग डोळे बांधून सुद्धा ओळखशील.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, इंग्रजांनी भारतातल्या साहेबांसाठी खास शोधली, जास्त हॉप्स घातले नाहीतर बोटीत नासली असती, असं प्रत्येक ब्रुअरीच्या मेन्यूवर लिहिलेलं असतं. खरं आहे का? आणि आपल्या नावाची बिअर आपल्याकडूनच गायब कशी झाली? – श्रुती, ठाणे

अर्धं खरं आहे. "शोधली" हा भाग मेन्यूवाल्यांचा. लंडनला बो नावाच्या भागात जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या बोटी जिथून सुटायच्या त्या धक्क्याच्या जवळ. बोटींचे कप्तान स्वतःचा धंदा म्हणून माल भरायचे, हॉजसन त्यांना तब्बल अठरा महिन्यांच्या उधारीवर बिअर द्यायचा. एवढी उधारी दिल्यावर गिऱ्हाईक दुसरीकडे कशाला जाईल? बिअर होती ती इंग्लंडात आधीपासून चालत आलेली, ऑक्टोबरात करून पिंपात मुरवायची फिकट, भरपूर हॉप्सची एल, म्हणजे लागरसारखी थंडीत नाही तर उबेत आंबवलेली बिअर. ती केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार-सहा महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याला पोचली की उन्हापावसात हिंदकळून उलट छान मुरलेली असायची. म्हणजे कुणी डोकं लावून बोटीसाठी बिअर बनवली असं नाही, बोटीनेच बिअर बनवली म्हण हवं तर. आणि पोर्टर, म्हणजे काळी बिअर, ती पण बोटी भरभरून यायची आणि साधे गोरे सोल्जर तीच ढोसायचे. पेल एल होती ती अधिकाऱ्यांची.

खरी गंमत पुढे आहे. बर्टन-ऑन-ट्रेंट या इंग्लंडमधल्या गावाचा धंदा रशियाशी होता, गोड आणि तगडी बर्टन एल पीटर्सबर्गला जायची. १८२२ मध्ये रशियाने तिच्यावर जबर टॅक्स लावला आणि बर्टनवाले रस्त्यावर आले. त्याच सुमाराला हॉजसनच्या वारसांना हाव सुटली, कप्तानांना बाजूला करून थेट विकायला गेले आणि कंपनीचे लोक त्यांच्यावर खवळले. कंपनीच्या एका डायरेक्टरने बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉपला बोलावून सांगितलं, अशी बिअर करून दे. ऑलसॉपच्या माणसाने पहिलं सँपल चक्क चहाच्या किटलीत केलं असं सांगतात. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, कोरडा लागतो, लंडनपेक्षा चांगली झाली ती. रशियाच्या कस्टममुळे भारताची बिअर सुधारली. हे कुठल्या मेन्यूवर वाचलंय का कधी?

गायब होण्याचं म्हणशील तर भारतात हिलस्टेशनला ब्रुअऱ्या निघाल्या. कसौलीची एडवर्ड डायरची, हा जालियनवाला बागेतल्या डायरचा बाप, मग आता पाकिस्तानात असलेल्या मरीची १८६० मध्ये. इथेच ताजी मिळायला लागल्यावर बोटीची कशाला मागवतील? नंतर बर्फ आला, लागर आली. तिकडे इंग्लंडात पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आणि टॅक्स, त्यात बिअर पातळ होत गेली आणि आयपीए हे बाटलीवर नुसतं लेबल उरलं. अमेरिकेत १९७० च्या दशकात कॅस्केड नावाचे हॉप्स आले, त्याला संत्र्या-ग्रेपफ्रूटसारखा वास, तिथल्या छोट्या ब्रुअऱ्यांनी जुनं नाव उचललं आणि नवीनच बिअर केली. ठाण्यात तुझ्या ग्लासात येते ती हीच अमेरिकन. साहेबाला पाजली असती तर त्याने थुंकून टाकली असती.

ऑफिसजवळच्या मायक्रोब्रुअरीत "बेल्जियन विट" मागवली की ग्लासला संत्र्याची फोड लावून देतात. माझा मित्र ब्रसेल्सला राहून आलाय, तो म्हणतो हे सगळं फेक, ओरिजिनल हूगार्डनला फोडबीड काही नसते. ओरिजिनल कुठली समजायची? – निखिल, बाणेर

फोडीबद्दल तुझा मित्र बरोबर आहे. ती सवय अमेरिकेतली, कूर्स कंपनीच्या ब्लू मून या बिअरने १९९५ नंतर पसरवलेली. बेल्जियममध्ये फार तर कुठे लिंबाची चकती टाकतात. पण "ओरिजिनल" म्हणून तो जिचा झेंडा नाचवतोय तिची कुंडली बघ एकदा.

हूगार्डन हे ब्रसेल्सच्या पूर्वेला एक गाव. एके काळी तिथे डझनावारी ब्रुअऱ्या होत्या, सगळ्या पांढरट गव्हाची बिअर, म्हणजे हीच विट, करायच्या. लागर आली, लढाया झाल्या, एकेक बंद पडत गेली आणि १९५७ मध्ये शेवटची, टॉमसिन नावाची, तिला पण कुलूप लागलं. बिअर संपली. मेली म्हण. त्या टॉमसिनच्या शेजारी राहणारा पिएर सेलिस नावाचा दूधवाला होता, लहानपणी तो तिथे हाताखाली काम करायचा. गावातली म्हातारी माणसं बिअरची आठवण काढून हळहळायची ते ऐकून ऐकून त्याने १९६६ मध्ये गोठ्याशेजारच्या जागेत स्वतः करायला घेतली. माल्ट, कच्चे गहू, धणे, वाळवलेली संत्र्याची साल. चालली, आणि तुफान चालली.

मग १९८५ मध्ये आग लागली. विमा पुरेसा नव्हता. पैसे दिले स्टेला आर्त्वावाल्या मोठ्या कंपनीने, आणि जो पैसे देतो तो हळूहळू स्वयंपाकघरात पण शिरतो. खर्च कमी करा, हे बदला, ते बदला. सेलिसने शेवटी विकून टाकलं आणि साठी उलटल्यावर हा माणूस अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिनला गेला, १९९२ मध्ये तिथे तीच बिअर "सेलिस व्हाइट" नावाने सुरू केली. तिथे मिलर कंपनी आली पैसे घेऊन, आणि २००० च्या सुमाराला ती ब्रुअरी बंद. एकाच माणसाच्या आयुष्यात दोनदा तोच तमाशा. इकडे बेल्जियममध्ये २००५ मध्ये नव्या मालकांनी, तेव्हा नाव इनबेव्ह झालं होतं, जाहीर केलं की हूगार्डन आता झ्युपिलच्या मोठ्या कारखान्यात होणार. गाव रस्त्यावर उतरलं. त्यात ती चव काही तिथे नीट जमेना, आणि २००७ मध्ये कंपनीने गपगुमान निर्णय फिरवला. सेलिस २०११ मध्ये गेला, त्याच्या मुलीने ऑस्टिनला परत ब्रुअरी काढली २०१७ मध्ये.

आता तूच सांग ओरिजिनल कुठली? १९५७ ला बंद पडली ती? ती चाखलेलं माणूस आता मिळणं कठीण. सेलिसच्या गोठ्याशेजारची? ती जळली. बाटलीतली? ती जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीची. मला विचारशील तर मी ग्लासात काय आहे ते बघते. आपल्याकडे विट इतकी रुजली त्यालाही कारण आहे, कडू कमी, गार, आंबटसर, धण्याचा वास ओळखीचा. बिरा व्हाइट पण २०१५ मध्ये आली तेव्हा आधी बेल्जियममध्येच बनून यायची, मग इथे व्हायला लागली.

धण्याचं सांगतेच. आपले धणे लांबट असतात, मोरोक्कोकडचे गोल. लांबट धण्याला लिंबाच्या सालीसारखा वास जास्त असतो आणि परदेशातले हौशी ब्रुअर इंडियन स्टोअरमधून मुद्दाम तेच आणतात. ओळखीच्या एका ब्रुअरकडे बघितलंय मी, तो धणे मिक्सरला लावत नाही, खलबत्त्यात दोन-तीन ठोके देऊन फक्त फोडतो, आणि उकळी संपायला पाचेक मिनिटं राहिली की टाकतो. आधी टाकले तर सगळा वास वाफेबरोबर छपराला. बारीक पूड केली तर बिअरला आमटीचा वास येतो, आणि पुण्यात असे बॅच मी प्यायलेय, नाव घेत नाही. गढूळ दिसावी म्हणून काहीजण वरून मैदा पण मारतात. तर मित्राला सांग फेक शोधायचं असेल तर फोडीत नको, धण्यात शोध.

एका ठिकाणी मेन्यूत "कोल्श" लिहिलंय. ते म्हणे फक्त जर्मनीत कोलोनलाच बनतं. इथे असं लिहिलेलं चालतं? – ऋतुजा, कोल्हापूर

युरोपात नाही चालत. कोलोनच्या ब्रुअऱ्यांनी १९८६ मध्ये आपसात करार केला आणि १९९७ पासून युरोपियन युनियनचं संरक्षण आहे, आपल्या कोल्हापुरी चपलेला जीआय आहे तसंच. इथे "कोल्श स्टाइल" लिहिलं तर प्रामाणिकपणाचं. तिकडे गेलीस तर मात्र एक लक्षात ठेव, २०० एमएलचे सरळसोट बारके ग्लास असतात, संपला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने रेघ मारतो. नको असेल तर पुठ्ठा ग्लासवर ठेवायचा. हे न कळल्याने आमच्या ग्रुपमधल्या एकाची लय वाट लागली होती.

मी लाइपझिगला शिकतेय. इथे "गोझे" नावाची बिअर मिळते, खारट! मीठ आणि धणे घालतात. हे टुरिस्टांसाठी काढलेलं नवीन खूळ आहे की खरंच जुनं आहे? – सायली, लाइपझिग

जुनं आहे गं, भलतं जुनं. मूळ गोस्लार गावचं, गोझे नदीवरून नाव, अठराव्या शतकात लाइपझिगकडे आली आणि तिथलीच होऊन बसली. गोस्लारने विसरून टाकली. लाइपझिगमध्ये गोझेच्या खास खानावळी होत्या. बाटली लांबलचक अरुंद मानेची आणि तिला बूच नसायचं, आतली बिअर आंबताना यीस्टचा फेस मानेत चढून वाळायचा तेच बूच. पोटात गेल्यावर काय काय करायची त्याच्यावर म्हणी आहेत तिकडे, त्या इथे छापणार नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीत एकच छोटी ब्रुअरी ती करायची, १९६६ मध्ये ती बंद झाली आणि वीस वर्षं गोझे जगात कुठेच नव्हती. मग लोथार गोल्डहान नावाच्या माणसाने "ओह्न बेडेन्केन" ही जुनी गोझेची खानावळ परत उघडायचं मनावर घेतलं. खानावळ गोझेची आणि गोझेच नाही, हे त्याला पटेना. त्याने जुने पिणारे शोधले, त्यांच्या जिभेवरून चव जुळवली, आणि बनवून घेतली कुठे, तर पूर्व बर्लिनच्या एका आंबट बिअरच्या ब्रुअरीत, कारण लाइपझिगमधले कुणी तयार होईनात. आंबट करणारे बॅक्टेरिया आपल्या टाकीत शिरले तर बाकीचा माल नासेल म्हणून ब्रुअर घाबरतात, ते बरोबरच आहे त्यांचं. २००० पासून बायरिशर बानहोफ या जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत ती गावातच बनते, तिथे जा आणि ताजी पी.

२०१० नंतर ती अमेरिकेत पोचली आणि तिकडे टरबूज, रासबेरी काय वाटेल ते घालून डब्यात भरायला लागले. लाइपझिगवाले नाकं मुरडतात. मला विचारशील तर आज जगात गोझे हे नाव कुणाला ठाऊक आहे ते त्या डब्यांमुळेच. पुण्यामुंबईत कोकम घातलेल्या आंबट बिअर मिळतात ना, ती पण हीच वाट. मीठ आणि कोकम एकत्र प्यायला कोकणी माणसाला काय शिकवायचंय.

इथे पोलंडमध्ये ९ टक्क्यांची काळी पोर्टर मिळते. लंडनची पोर्टर इतकी कडक कधी होती? – सचिन, व्रोत्सवाफ

निर्यातीची होती. लंडनहून बाल्टिक समुद्रावाटे जायची ती तगडी असायची. नंतर तिकडचे लोक स्वतःच करायला लागले, पण लागरच्या यीस्टने आणि लागरच्या थंडीत, आणि लंडनमध्ये विसाव्या शतकाच्या मधल्या काळात पोर्टर पार बंद पडली तरी तुमच्याकडे चालूच राहिली. असं बरेचदा झालंय. व्हिएन्नाची तांबूस लागर, तीच काठीवाल्या ड्रेहरची, ऑस्ट्रियात विसरली गेली आणि मेक्सिकोत जगली. श्रीलंकेत लायन स्टाउट नावाची काळी बिअर आहे, आठ टक्क्यांच्या वर, चॉकलेटसारखी, चहाच्या मळ्यातल्या इंग्रजांची पिलावळ म्हण. कोलंबोला गेलास तर सोडू नको.

पोलंडमध्ये आहेसच तर ग्रोझिस्किए शोध. ओकच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेल्या गव्हाची, अगदी हलकी, तीन-साडेतीन टक्के, शँपेनसारखे बुडबुडे. ब्रुअरी १९९३ मध्ये बंद झाली होती, घरी बिअर करणाऱ्या पोलिश हौशी लोकांनी यीस्ट आणि रेसिपीचा पिच्छा पुरवला आणि २०१५ मध्ये ती त्याच गावात परत सुरू झाली. यात कुठली सरकारी योजना नव्हती, नुसती हौस.

नमस्कार ताई. आमच्याकडे मालदांडी ज्वारी होते. भाव कधी असतो कधी नसतो. बिअर फक्त बार्लीचीच का? ज्वारीची होत नाही का? – दत्तात्रय, मंगळवेढा

दत्तात्रयभाऊ, या खेपेचा सगळ्यात भारी प्रश्न तुमचा. होते, आणि आफ्रिकेत पिढ्यानपिढ्या होतेय. ज्वारी मूळची तिकडचीच. बुर्किना फासोत बायका लाल ज्वारीची "डोलो" करतात, ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, उन्हात वाळवायची, भरडायची, मोठ्या मडक्यांत लाकडावर उकळायची, रात्रभर आंबवायची की दुसऱ्या दिवशी विकायला तयार. गढूळ पाणी निवळायला त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. दक्षिणेकडे उम्कोंबोथी आहे. झांबिया-झिम्बाब्वेत चिबुकू नावाची बिअर कागदी खोक्यात मिळते, दाट, आंबट, खोक्यात पण आंबतच असते, पिण्याआधी हलवायची म्हणून लोक तिला "शेक शेक" म्हणतात.

हिच्यावरही कुऱ्हाड आलीच. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या गोऱ्या नगरपालिकेने १९०८ च्या कायद्याचा आधार घेऊन बायकांनी घरी बिअर करायला बंदी घातली आणि स्वतः बिअर हॉल काढले. म्हणजे धंदा बाईचा हिसकावला आणि त्याच पैशातून काळ्यांच्या वस्त्यांचा कारभार चालवला. १९५९ मध्ये कॅटो मॅनर वस्तीतल्या बायका काठ्या घेऊन त्या बिअर हॉलवर चालून गेल्या होत्या. तेव्हा गावच्या बिअरला परदेशी बिअर मारते असं जे म्हणतात ना, मला ते पूर्ण पटत नाही, तिला जास्त करून लायसन आणि टॅक्स मारतात. आपल्याकडची उदाहरणं बघा, झारखंडची हंडिया, अरुणाचलची आपोंग, सिक्कीमची नाचणीसारख्या धान्याची तोंगबा, यातली एक तरी बिअर शॉपीत दिसते का.

पण तुमचं उत्तर नायजेरियात आहे. गिनेसने ब्रिटन आणि आयर्लंडच्या बाहेर पहिली ब्रुअरी १९६२ मध्ये तिथे, लागोसजवळ इकेजाला काढली. बार्ली तिकडे पिकत नाही, सगळं माल्ट बाहेरून यायचं, डॉलर जायचे. १९८८ मध्ये सरकारने बार्ली माल्टच्या आयातीवरच बंदी आणली. कंपन्या बोंबलल्या की बिअर होणारच नाही, आणि मग झाली, ज्वारी आणि मक्याची. काळी गिनेस सुद्धा ज्वारीची, रंग-चवीसाठी डब्लिनहून एक दाट अर्क यायचा तेवढा घालायचे. पुढे बंदी उठली तरी ज्वारी गेली नाही, कारण शेतकरी, माल्टवाले, सगळी साखळी उभी राहिली होती.

अडचणी आहेत, त्या पण सांगते. बार्लीला टरफल असतं, त्याचाच थर बसून रस गाळला जातो, ज्वारीला ते नाही, मग मशीनने दाबून गाळावं लागतं. ज्वारीचा स्टार्च जास्त तापमानाला शिजतो आणि त्याची साखर करणारे एन्झाइम मोडात कमी असतात, म्हणून कारखाने बाहेरून एन्झाइम घालतात. आणि मोडाची भानगड, कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते तुम्हाला सांगायला नको, तेच विष मोडातही असतं, त्यामुळे वाळवून मोड आणि मुळं चोळून काढावी लागतात. हे सगळं जमण्यासारखं आहे. शिवाय ज्वारीत ग्लूटेन नाही, ज्यांना गहू-बार्ली चालत नाही त्यांना ही चालते, तेवढं गिऱ्हाईक शहरात आहे.

आता कडू बोलते. ब्रुअरीला लागतो स्वस्त स्टार्च, आणि तुकडा तांदूळ तिला स्वस्तात मिळतो. तुमच्या मालदांडीला जो भाव मिळतो तो भाकरीचा भाव आहे, तेवढा ब्रुअरी देणार नाही. खरिपाची संकरित ज्वारी स्वस्त पडेल पण ती पावसात सापडून काळी पडली की बुरशी असते, तिचं माल्ट करायचं नाही, अजिबात नाही. जमलं तर एकाच मार्गाने जमेल असं मला वाटतं, पुण्यातल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीने "मंगळवेढ्याची ज्वारी" असं नाव घेऊन चार पोती आणायची, महाग विकायची, आणि तुम्हाला भाकरीपेक्षा जास्त भाव द्यायचा. दोन ब्रुअरना हा प्रश्न पाठवलाय. एकाने पोतं कितीचं असतं विचारलंय, म्हणजे अगदी नाही म्हणाला नाही. तुमचा नंबर ऑफिसात आहे, तुमची हरकत नसेल तर त्याला देते, कळवा.

ताई, घरी बिअर करता येईल का? किट ऑनलाइन दिसतात. – बऱ्याच जणांचा प्रश्न, नावं छापत नाही

महाराष्ट्रात लायसनशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, आणि त्यात बिअर पण आली. किट मिळतं म्हणून ते चालतं असं नाही. पिण्याचा परवाना पण लागतो आणि वय २१, हे बिअरचं, कडक दारूला २५. शिकायचंच असेल तर एखाद्या मायक्रोब्रुअरीला विचारा, ब्रुइंगच्या दिवशी बघू देतात काही जण, पहाटे जावं लागतं आणि अर्धा वेळ टाक्या धुण्यातच जातो.

पुढच्या अंकात ताडी आणि माडीवरचे प्रश्न घेतेय, पालघर आणि सिंधुदुर्गवाल्यांनी लिहा. नावासोबत गाव टाका, आणि प्रश्न व्हॉइस नोटमध्ये पाठवू नका प्लीज, टाइप करा.